रिकामा हुक

(शॉप फ्लोअरवरचे प्रश्न : वाचकांची पत्रं आणि उत्तरं)

मागच्या महिन्यात या पानावर मी लिहिलं होतं की कारखान्यातल्या आगी-अपघाताबद्दल काही विचारायचं असेल तर मोकळेपणानं विचारा. बेळगावपासून निपाणीपर्यंतची पत्रं आली. सगळ्यांची नावं गाळली आहेत, कारण ही माणसं आजही त्याच ठिकाणी कामाला जातात. नव्या वाचकांसाठी माझ्याबद्दल एवढंच, की बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत ३१ वर्षं काढली. आधी मेल्टिंग, मग मेंटेनन्स आणि शेवटची ११ वर्षं सेफ्टी.

मच्छेहून एक शिफ्ट सुपरवायझर लिहितात :

काका, नमस्कार. आमच्या फाउंड्रीत (धातू वितळवून साच्यात ओतायच्या कारखान्यात) दोन शिफ्टमध्ये मिळून ८५ माणसं आहेत. एक इंडक्शन फर्नेस, म्हणजे विजेवरची भट्टी आहे. भिंतींवर आग विझवायचे १४ लाल सिलिंडर आहेत, प्रत्येकाला कार्ड आहे, कार्डावर सह्या आहेत. मागच्या महिन्यात पेंटिंगच्या कोपऱ्यात थिनरच्या चिंध्या पेटल्या. सातजण तिथंच उभे होते, पण एकानंही सिलिंडर काढला नाही. शेवटी एका हेल्परनं ओलं पोतं टाकून विझवलं. ४ मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनी, आम्ही सगळ्यांनी छातीला बिल्ले लावून शपथ घेतली होती. आता कस्टमरचं ऑडिट यायचंय आणि मालक म्हणतात, रजिस्टर नीट कर. रजिस्टर करीन, पण ते सातजण डोळ्यांपुढनं जात नाहीत. सुरुवात कुठनं करू?

उत्तर : त्या सातजणांना भित्रे समजू नका. ज्या वस्तूची पिन आयुष्यात कधी ओढली नाही, ती आगीपुढं पहिल्यांदा ओढायला कुणाचाच हात उठत नाही. माझाही उठला नसता. त्यामुळं रजिस्टर शेवटी. आधी सिलिंडर, मग माणसं.

उद्या शिफ्ट सुरू व्हायच्या दीड तास आधी जा. हातात फडकं आणि वही घ्या, आणि एकेका सिलिंडरपुढं पाच मिनिटं थांबा. लांबून बघून पुढं जायचं नाही. हुकावरून खाली काढायचा. कितीतरी ठिकाणी हुक गंजून सिलिंडरच्या कडीला धरून बसलेला असतो आणि ते ओढल्याशिवाय कळत नाही. फडक्यानं पुसा, कारण फाउंड्रीची काळी धूळ आतला दाब दाखवणाऱ्या गेजच्या काचेवर बसली की काटा हिरव्यात आहे की लालात, काही दिसत नाही. पिन सरळ आहे का, सील शाबूत आहे का बघा. मग नळीच्या तोंडात डोकवा. आमच्याकडं एकदा कोअर शॉपजवळच्या (साच्यात बसवायचे वाळूचे गाभे करतात तिथल्या) सिलिंडरच्या नळीत कुंभारीण माशीनं मातीचं घर केलं होतं. गेज हिरवा, कार्डावर त्याच महिन्याची सही, आणि तोंड लिंपून बंद. मी काडीनं ती माती उकरली तेव्हा सही करणारा माझ्या शेजारीच उभा होता. बिचारा खाली बसला.

पावडरचा सिलिंडर असेल तर उचलून उलटा करा आणि कान द्या. नॉकआउटच्या, म्हणजे साचे फोडायच्या, हादऱ्यानं पावडर तळाला बसते, तिचा गठ्ठा होतो. उलटा केल्यावर पावडर सरकल्याचा आवाज आला पाहिजे. सीओटूच्या, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या, सिलिंडरला गेज नसतो, त्याला वजनकाट्यावरच ठेवावं लागतं. अंगावर कोरलेल्या वजनाशी ताडून बघा. आतला वायू दहा टक्क्यांहून जास्त कमी भरला, तर तो भरायला पाठवा. हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबाखाली सिलिंडर तपासण्याची) तारीखही वहीत उतरवा. पावडरवाल्याला ती तीन वर्षांनी लागते, सीओटूवाल्याला पाच वर्षांनी.

आता कुठं काय लावायचं. पेंटिंगला एबीसी पावडर, पॅनेलला आणि फर्नेसच्या कंट्रोलला सीओटू. थिनरच्या चिंध्यांना झाकणाचा पत्र्याचा डबा ठेवा आणि प्रत्येक शिफ्ट सुटताना तो रिकामा करून घ्या. त्या हेल्परचं पोतं चाललं, कारण चिंध्याच होत्या. खाली थिनर सांडलेलं असतं आणि कुणी बादलीभर पाणी ओतलं असतं, तर थिनर पाण्यावर तरंगत पेटतच पुढं गेलं असतं. फर्नेसच्या प्लॅटफॉर्मवर मात्र फक्त कोरडी वाळू. पावसाळ्यात वाळूच्या बादलीला झाकण हवंच, कारण आपल्याकडं जून ते सप्टेंबर हवेनंच वाळू दमट होते. दमट वाळू वितळलेल्या मेटलवर पडून तिच्यातल्या पाण्याची वाफ झाली की ती सतराशे पट जागा मागते. ही गोष्ट मी पुस्तकात वाचण्याआधी अंगावर झेलली आहे, म्हणून थोडं सांगतो.

मी चोवीस वर्षांचा होतो. कारखान्याचं नाव घेत नाही. जुलैची सकाळ, स्क्रॅप यार्डावर अर्धंच छप्पर. चार्जिंगच्या, म्हणजे भट्टीत टाकायच्या भंगाराच्या, ढिगात वीतभर पाइपचा तुकडा होता, दोन्ही तोंडं ठोकून बंद झालेली, आत पाणी. तो कुणाच्या हातून भट्टीत गेला हे मला ठाऊक आहे आणि मी ते कधी कुणाला सांगितलं नाही, कारण त्या दिवशी तो माझ्याही हातून गेला असता. बंदुकीसारखा आवाज झाला. मेटल वरच्या पत्र्यापर्यंत उडालं. हायड्रॉलिकची नळी पेटली, पॅनेल ट्रिप झाला, सगळा अंधार. माझ्या अंगात टेरिकॉटचा शर्ट होता. सुती असता तर भोकं पडून जळाला असता. टेरिकॉट वितळून डाव्या हाताला चिकटला. तशा अवस्थेत मी भिंत धरून सिलिंडरकडं सरकलो. जागा मला पाठ होती, दुसऱ्या खांबाच्या डाव्या अंगाला, खांद्याच्या उंचीवर. हात बरोबर तिथं पोचला आणि हाताला रिकामा हुक लागला. त्याच आठवड्यात रंगकामासाठी सिलिंडर काढून पॅटर्नच्या पेट्यांमागं ठेवला होता. परत लावायचं राहून गेलं. कोअर शॉपच्या पोरांनी वाळू मारून आग विझवली, तोवर आमच्यातल्या एकाचा डोळा गेला होता.

म्हणून माझी विनंती आहे, वहीत पहिला रकाना 'जागेवर आहे का' हाच ठेवा. आणि खाली जमिनीवर पिवळा चौकोन मारून घ्या. त्या चौकोनात बॉक्स, ट्रॉली, चपला, जेवणाचा डबा, काहीही ठेवायचं नाही. स्क्रॅपसाठीही एक माणूस नेमा. बंद पाइप, शॉकअब्झॉर्बर, गॅसची टाकी, ओलं स्क्रॅप यातलं काही चार्जिंगला जाणार नाही, आणि 'थांब' म्हणण्याचा हक्क त्याचा. त्याच्यावर प्रॉडक्शनचा दाब आला तर तुम्ही मध्ये उभं राहा. सुपरवायझरचं खरं काम तिथं आहे असं मला मनापासून वाटतं.

आता माणसं. तुमचे १४ सिलिंडर कधी ना कधी रिफिलला जातातच. भरणारा ते नेतो, आपल्या आवारात रिकामे करतो आणि भरून आणतो. ते त्याला रिकामे करू देऊ नका. जायच्या आदल्या दिवशी मागच्या मोकळ्या जागेत अर्धा कापलेला ड्रम ठेवा, थोड्या डिझेलच्या चिंध्या पेटवा, हाताशी एक भरलेला सिलिंडर राखून ठेवा आणि दोघादोघांना एकेक सिलिंडर मारू द्या. वारं पाठीवर घ्यायचं. दोन-तीन मीटरवर उभं राहायचं. पिन ओढायची, नळी ज्वाळेच्या बुडाशी धरायची, मूठ दाबायची आणि डावी-उजवीकडं झाडू मारल्यासारखी नळी फिरवायची. सहा किलोचा सिलिंडर फार तर पंधरा-वीस सेकंद चालतो. पहिल्यांदा मारणारा माणूस निम्मा सिलिंडर ज्वाळेच्या शेंड्यावरच घालवतो. तसं ड्रमापुढं घडू दे, म्हणजे पेंटिंगच्या कोपऱ्यात घडणार नाही. पहिला मान त्या पोतंवाल्या हेल्परला द्या. उरलेल्यांना पुढच्या वर्षांत पाळीपाळीनं. नाइट शिफ्टलाही तेवढीच संधी द्या.

आणि भाषेचं बघा. हा आपल्या भागाचा प्रश्न आहे आणि बाहेरून आलेला कुठलाच ट्रेनर यावर बोलत नाही. मोल्डिंगला (साचे करायला) येळ्ळूर-अनगोळची मराठी पोरं, फेटलिंगला (ओतलेले भाग घासून साफ करायला) गोकाककडची कन्नड माणसं, पोअरिंगला (मेटल ओतायला) बिहार-ओडिशाचे. आमच्याकडं ड्रिलच्या दिवशी एक मोल्डर 'आग! आग!' म्हणून ओरडत धावला. फेटलिंगवाले त्याच्याकडं बघत उभे. नंतर त्यांच्यातला एक वयस्क मिस्त्री मला म्हणाला, "साहेब, आमच्यात 'आग' म्हणजे 'तेव्हा'. तो 'तेव्हा, तेव्हा' का म्हणालाय, आम्हाला काय कळणार?" त्यांची आग म्हणजे 'बेंकी', आणि ती मोल्डिंगवाल्यांपैकी निम्म्यांना ठाऊक नव्हती. त्या संध्याकाळी सगळ्यांना गेटवर बसवून एक शब्द ठरवला : 'फायर'. तो सगळ्यांच्या तोंडी होता. हूटर लांब वाजला आणि 'फायर' ऐकू आलं की हातातलं टाकून बाहेर. तुमच्याकडं दुसरा शब्द निघेल, पण तो माणसांना विचारून काढा आणि सकाळी काम सुरू करण्याआधीच्या छोट्या टूलबॉक्स मीटिंगमध्ये रोज एकदा मोठ्यानं म्हणवून घ्या. बोर्डावर मजकुरापेक्षा चित्रं आणि बाण असू देत.

बाहेर आल्यावर जमायची जागा एकच, आणि हजेरीची वही सिक्युरिटीच्या केबिनमध्ये. ऑफिसात राहिली तर तिच्यासाठी कुणीतरी आत परत जाईल. त्या वहीत कॉन्ट्रॅक्टरची माणसं, ट्रकचा ड्रायव्हर, चहावाला, सगळे हवेत. ११२, १०१ आणि १०८ हे नंबर भिंतीवर असतातच. त्यांच्याखाली आपला पूर्ण पत्ता आणि जवळची खूण लिहा, कारण घाबरलेल्या माणसाला स्वतःच्या कारखान्याचा पत्ता आठवत नाही. गाडी वळेल त्या कोपऱ्यावर एकजण पाठवायचा, त्याचं नाव आजच ठरवा.

एक राहिलं. लाइट गेली की फर्नेसच्या कॉइलला (भट्टीभोवतीच्या नळीच्या वेटोळ्याला) गार ठेवणारं पाणी थांबतं आणि आत मेटल तसंच असतं. वरच्या इमर्जन्सी टाकीचं पाणी आपोआप उतरतं का, हे दर महिन्याच्या पहिल्या तारखेला भट्टी रिकामी आणि बंद असताना पंप थांबवून बघा. व्हॉल्व्ह वर्षभर फिरवला नाही तर ऐन वेळी फिरत नाही. लायनिंगची (भट्टीच्या आतल्या अस्तराची) गळती सांगणारा दिवा बंद पडला असेल, तर तो सुरू होईस्तोवर हीट घेऊ नका, म्हणजे मेटल वितळवायला लावू नका.

हे सगळं केल्यावर रजिस्टर आपोआप भरेल. काय बिघडलेलं सापडलं, कुणी नीट केलं, कुठल्या तारखेला. ऑडिटला आलेला जाणता माणूस 'सर्व ठीक' अशा पानभर ओळी बघून संशयच घेतो.

खासबाग, शहापूर भागातून एक ताई लिहितात :

दादा, खाली चार माग आहेत, वर आम्ही राहतो. जिना मागांच्या खोलीतच उतरतो. चोरीच्या भीतीनं माझे यजमान रात्री शटर ओढून आतनं कुलूप लावतात आणि किल्ली उशाखाली घेऊन झोपतात. रात्रपाळीचा कामगार आत माग चालवत असतो. मुलं लहान आहेत. मला भीती वाटते, पण बोलले की म्हणतात, इतकी वर्षं काय झालं? मी काय करू?

उत्तर : ताई, तुमची भीती अगदी बरोबर आहे. खाली धागा, कापड, तेल आणि वायर. वर झोपलेली मुलं. आणि दोघांच्या मधला एकच रस्ता त्या खोलीतून. धूर आधी जिन्यानंच वर चढतो. तेव्हा कामगार कुलपापाशी असेल आणि किल्ली उशाखाली.

भाऊजींना सांगा की चोराची काळजी आम्हालाही आहे, म्हणून दार उघडं टाकू नका, पण कुलपाऐवजी आतनं कडी आणि अडसर घाला. बाहेरून उघडत नाही आणि आतून एका हातानं निघतो. माणूस आत कामाला असताना बाहेरची वाट आतून किल्लीशिवाय उघडली पाहिजे, हे कारखान्याच्या नियमांत फार जुनं आहे. घरगुती शेडला कायदा लागू आहे की नाही या वादात पडूच नका. धुराला तो वाद कळत नाही. वरच्या मजल्याच्या एका खिडकीचं गज बिजागरीचं करून घ्या, आतून उघडणारं. लोहार एका दिवसात करतो.

मागांखालची लव रोज ब्रशनं काढायची, फुंकून किंवा हवा मारून उडवायची नाही, ती बोर्डात आणि मोटरवर जाऊन बसते. बोर्ड जुना असेल तर वायरमनकडून ३० मिलिॲम्पिअरचा ईएलसीबी (करंट गळला की लाइट तोडणारा खटका) बसवून घ्या. त्यावर एक छोटं टेस्टचं बटण असतं. महिन्यातून एकदा ते तुम्ही स्वतः दाबा, खटका पडला पाहिजे. एक लाल सिलिंडर जिन्याच्या वरच्या पायरीशी, एक खाली बाहेर पडायच्या दाराशी. मागांच्या पलीकडच्या भिंतीवर नको, आगीतून जाऊन कुणी सिलिंडर आणत नाही.

आणि एका रविवारी माग बंद करून, दिवे घालवून, मुलांसकट खाली उतरून बाहेर या. किती वेळ लागला ते भाऊजींना बघू द्या. 'इतकी वर्षं काय झालं' याला माझ्याकडं दुसरं उत्तर नाही.

चिकोडी तालुक्यातून, साखर कारखान्यात कॉन्ट्रॅक्टवर असलेला २३ वर्षांचा मुलगा विचारतो :

सीझन संपला की टाक्या, खड्डे साफ करायला आम्हाला उतरवतात. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, वास येत नाही म्हणजे गॅस नाही, उतर पटकन. मागं एकजण चक्कर येऊन पडला होता. नाही म्हटलं तर काम जाईल. काय करावं?

उत्तर : बाळा, उतरू नकोस. आधी हे वाक्य, बाकीचं नंतर.

वास येत नाही याचा अर्थ उलटाही असतो. सडलेल्या घाणीतून निघणाऱ्या गॅसला सुरुवातीला कुजक्या अंड्यासारखा वास असतो, पण तो वाढला की नाकच बधिर होतं आणि वास थांबला असं वाटतं. मळी आंबली की जो कार्बन डायऑक्साइड सुटतो त्याला तर मुळातच वास नाही. दोन्ही हवेपेक्षा जड. तळाशी पाण्यासारखे साचून बसतात. वर तोंड घालून हुंगलेलं काही कामाचं नाही. कंदील किंवा मेणबत्ती सोडून बघणं तर त्याहून वाईट, पेट घेणारा गॅस असेल तर भडकाच होतो.

उतरायचंच असेल तर आधी टाकीला येणाऱ्या सगळ्या लाइनी बंद करून त्यांना कुलूप. मग ब्लोअरनं हवा. मग मीटर दोरीनं खाली सोडून वर, मध्ये आणि तळाशी मोजणं. ऑक्सिजन साडेएकोणीस टक्क्यांच्या खाली असेल तर कुणीही उतरायचं नाही, आणि बाकीचे गॅस मीटरवर सुरक्षित दिसले पाहिजेत. जाणकार माणसाची लेखी परवानगी. कमरेला पट्टा, पट्ट्याला दोर आणि दोराचं टोक बाहेर अशा माणसाच्या हातात, जो बिडी प्यायलासुद्धा हलणार नाही. आतला हातदिवा २४ व्होल्टचाच. यातलं लेखी परवानगी, पट्टा-दोर आणि २४ व्होल्ट हे १९४८ च्या कारखाना कायद्यापासून चालत आलेलं आहे. तू मेहेरबानी मागत नाहीस.

एकट्यानं नाही म्हणू नकोस. चौघं मिळून जा आणि कॉन्ट्रॅक्टरशी वाद घालण्याऐवजी कारखान्याच्या सेफ्टी ऑफिसरला एवढंच विचारा : "साहेब, परमिट कुठं आहे? आम्ही सही करून उतरतो." परमिटवर सही करायची वेळ आली की मीटरही निघतो आणि ब्लोअरही, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

आणि एक गोष्ट तुझ्या मित्रांना वाचून दाखव. आत कुणी पडला तर त्याला वाचवायला उडी मारायची नाही. भाऊ असला तरी नाही. एका टाकीत तीन-चार माणसं जातात ती अशीच, एकामागोमाग एक, मायेपोटी. दोर बांधलेला असेल तर बाहेरूनच ओढता येतो. म्हणून दोर.

होनग्याहून एक वेल्डर : सेफ्टी शूज जड आहेत, फर्नेसजवळ पाय भाजतात. नाडीचे चपटे बूट चालतील का?

उत्तर : फर्नेसजवळ नाडीचे नकोतच. ठिणगी किंवा मेटलचा थेंब आत गेला तर बूट झटकन निघाला पाहिजे. बिननाडीचे घ्या आणि पँट बुटाच्या बाहेर सोडा, आत खोचू नका. पाय भाजत असतील तर माप लहान असेल, सुती मोजे घालून एक नंबर मोठा बघा.

निपाणीहून एक वाचक : आमच्याकडं भाजलं की हळद, टूथपेस्ट, कधी शाईसुद्धा लावतात. कारखान्याच्या पेटीत नक्की काय ठेवावं?

उत्तर : पेटीच्या आधी नळ. भाजलेला भाग वीस मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली धरायचा, घड्याळ लावून. बर्फ नको. हातातल्या बांगड्या, अंगठी, घड्याळ लगेच काढा, सूज आली की निघत नाहीत. मग स्वच्छ कोरडं सुती कापड हलकं पांघरा आणि दवाखाना. हळद, पेस्ट, तूप, शाई काहीही लावलं तरी डॉक्टरला आधी ते खरवडून काढावं लागतं आणि तो त्रास भाजण्यापेक्षा मोठा असतो. पेटीत निर्जंतुक गॉज, बँडेज, चिकटपट्टी, हातमोजे आणि बोथट टोकाची कात्री ठेवा. दीडशे माणसांमागं निदान एक पेटी, आणि ती कुणाच्या ताब्यात आहे त्याचं नाव पेटीवरच.

कात्री मुद्दाम म्हणालो. त्या जुलैच्या सकाळी एका मित्रानं माझा शर्ट मायेनं ओढून काढला होता, कातडी घेऊनच निघाला. कातडीला चिकटलेलं कापड ओढायचं नाही. भोवतीनं कापून घ्या, चिकटलेला तुकडा तसाच राहू द्या, तो दवाखान्यात काढतील.